ओलाव्याच्या सेन्सरवर रिले ओढत नाही, सुरक्षित जोडणी कशी करावी?

जास्वंद:

नमस्कार मंडळी. आमची छोटी रोपवाटिका आहे, जास्त करून शोभेची झाडं आणि हंगामाप्रमाणे भाजीची रोपं. शेडनेटमधल्या एका ओळीचं ठिबक मातीचा ओलावा बघून चालू-बंद व्हावं, एवढंच हवं आहे. लाइनवर २४ व्होल्ट एसीचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, तो सध्या टायमरवर चालतो. त्याच्या वायरीत एक रिले (कॉइलमधल्या करंटने चालणारा स्विच) घालायचा विचार आहे.

सेन्सर म्हणजे दोन दातांचा फाटा आणि सोबत एलएम३९३ या कंपॅरेटर चिपचं (दोन व्होल्टेजची तुलना करणारी) छोटं बोर्ड. त्याला व्हीसीसी (प्लस), ग्राउंड, डीओ (चालू-बंद आउटपुट) आणि एओ (ओलाव्याप्रमाणे बदलणारं व्होल्टेज) असे चार पिन. सप्लाय ५ व्होल्ट. रिले निळा, पाच पायांचा, ५ व्होल्ट कॉइलचा, अंगावर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलेलं.

माती कोरडी असताना डीओवर मीटर ४.९ दाखवतो. रिले सरळ ५ व्होल्टवर धरला तर टक्कन ओढतो. पण डीओ आणि ग्राउंडच्या मध्ये कॉइल जोडली की आवाज नाही, व्होल्टेज पार ०.२६वर येतं आणि एरवी माती ओली असतानाच पेटणारा दिवा कोरड्या मातीतही पेटतो. सध्या काढून ठेवलंय. मध्ये नक्की काय घालायचं, आणि सेन्सर जळू नये म्हणून काय बघायचं?

नटबोल्ट:

तयार रिले मॉड्यूल मिळतं, तेच घ्या. आत ट्रान्झिस्टर, डायोड, ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा भाग) सगळं असतं. विषय संपला.

सोल्डरकाका:

ताई, तुमचे आकडे इतके छान आहेत की निदान त्यांच्यातच आहे. आधी रिलेच्या कॉइलचे दोन पाय मीटरने मोजा, ७० ओहमच्या आसपास येतील. म्हणजे ५ व्होल्टवर तो साधारण ७१ मिलिअँप मागतो.

आता डीओ काय देऊ शकतो ते बघा. एलएम३९३चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं. ते पिनला फक्त खाली, ग्राउंडकडे ओढू शकतं. वर ढकलायला आत काहीच नाही. कोरड्या मातीत दिसणारे ४.९ व्होल्ट बोर्डवरच्या १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टन्समधून येतात, आणि १० केमधून जास्तीत जास्त अर्धा मिलिअँप मिळतो. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही म्हणून व्होल्टेज भरलेलं दिसतं. कॉइल लावली की ते कोसळतं.

तो दिवा का पेटला तेही सांगतो. डीओचा एलईडी व्हीसीसीपासून १ के रेझिस्टन्समधून डीओकडे जोडलेला असतो. डीओ खाली गेला की पेटतो. इथे डीओला खाली खेचलं तुमच्या कॉइलने. एलईडीमधून तीनेक मिलिअँप आणि १० केमधून अर्धा, असे मिळून साडेतीन-पावणेचार मिलिअँप ७० ओहममधून गेले. गुणाकार करा, ०.२६ व्होल्ट येतात. तुमचा मीटर अगदी बरोबर आहे. हवे होते ७१, मिळाले पावणेचार. सेन्सरला यात इजा झालेली नाही, निश्चिंत राहा.

रानवारा:

काका, आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर हा बांधावरून हाळी देणारा गडी, गाडा ओढायला बैल वेगळा लागतो. तो बैल म्हणजे ट्रान्झिस्टर.

अवनी_के:

मग बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावला, बेसला (त्याच्या कंट्रोलच्या पायाला) १ के, तर चालेल ना? कॉलेजात आम्ही सगळीकडे तोच लावतो.

सोल्डरकाका:

अवनी, या बोर्डवर गणित मांडून बघ. बेसचा करंट येणार त्याच १० के आणि एलईडीच्या वाटेने. हिशेब केला तर बेसला जेमतेम १.४ मिलिअँप मिळतात, आणि कोरड्या मातीत एलईडी मिणमिणत राहतो. रिलेला ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट, म्हणजे पुरता चालू हवा, त्यासाठी कलेक्टर करंटच्या (इथे रिलेच्या करंटच्या) विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतका बेस करंट धरायची सवय ठेव. ७१ला निदान साडेतीन हवेत. शिवाय बीसी५४७ची मर्यादाच १०० मिलिअँप, म्हणजे ७१ला तो काठावर चालणार. डेटाशीटमधला २०० किंवा ३००चा गेन (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट) बघून आकडेमोड करू नये, तो ट्रान्झिस्टर स्विच म्हणून वापरतानाचा आकडा नाही. अर्धवट चालू ट्रान्झिस्टर स्वतः तापतो आणि रिलेला चार व्होल्टही देत नाही.

याच बोर्डवर २एन७००० मॉस्फेट (करंटऐवजी व्होल्टेजने चालू होणारा ट्रान्झिस्टर) जास्त सुटसुटीत बसतो. गेटला, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या पायाला, स्थिर करंट लागतच नाही, बोर्डवरचा १० केचा पुल-अप (वर ओढणारा रेझिस्टन्स) त्याला पुरतो. गेटपासून ग्राउंडला १०० के लावलं की गेटवर साडेचार व्होल्ट राहतात आणि सेन्सरची वायर निघाली तर गेट हवेत तरंगत नाही. सोर्स ग्राउंडला, ड्रेन कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक ५ व्होल्टला. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन. बीएस१७० घेतलात तर दोन्ही टोकं उलटी असतात, तिथे लक्ष ठेवा.

अवनी_के:

ईएसपी८२६६ या वायफायवाल्या कंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर पण २एन७००० चालेल?

सोल्डरकाका:

नको. त्याचा चालू व्हायचा उंबरठा ०.८ ते ३ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो. एखादा चालेल, त्याच पाकिटातला दुसरा चालणार नाही. तिथे बीसी३३७ घे आणि बेसला ६८० ओहम. ३.३मधून ०.७ वजा, भागिले ६८०, म्हणजे ३.८ मिलिअँप. ईएसपीच्या पिनची १२ची मर्यादा खूप लांब राहते.

पॅनेलवाला:

तुमच्या मॉस्फेटच्या गडबडीत कॉइलवरचा डायोड राहून गेला काका. १एन४००७, पट्ट्याची बाजू प्लसकडे. हा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

दुपारचा_चहा:

माझ्या गॅरेजच्या सर्किटला डायोड नाही, व्यवस्थित चालतंय. उगाच घाबरवू नका.

पॅनेलवाला:

घाबरवत नाही, मोजलंय म्हणून सांगतो. कॉइलमधला करंट अचानक तोडला की तो आपली वाट शोधतो आणि ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज उसळतं. डायोड काढून ऑसिलोस्कोप लावा, १२ व्होल्टच्या रिलेवर शंभराच्या वर टोक दिसतं. बीसी५४७ची सहनशक्ती ४५ व्होल्टची. तो एका झटक्यात मरत नाही, म्हणून "चालतंय" असं वाटतं. प्रत्येक वेळी थोडा थोडा खराब होत जातो, आणि एक दिवस कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन रिले कायम ओढलेला राहतो. पंपावर हे काय करेल याचा विचार करा.

ज्याने कधी बॅटरीवर रिलेच्या वायरी बोटांनी धरून सोडल्यात त्याला हा झटका माहीत आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, आणि बोटं झिणझिणतात.

मात्र उलटा डायोड त्याहून वाईट. पट्टा चुकीच्या बाजूला गेला की ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय सरळ डायोडमधून जातो, कॉइल बाजूलाच राहते. सोल्डर करण्याआधी दोनदा बघा.

दुपारचा_चहा:

पटलं. आज संध्याकाळी लावतो. १एन४१४८ पडलेत घरात, चालतील का?

पॅनेलवाला:

७१ मिलिअँपला चालतील. मोठ्या रिलेला ४००७च घ्या.

नटबोल्ट:

आणि डायोड लावला की रिले सोडायला उशीर होतो ते?

पॅनेलवाला:

होतो, काही मिलिसेकंद. ठिबकला त्याने काय फरक पडणार? जिथे कॉन्टॅक्ट भराभर तोडायचे असतात तिथे डायोडसोबत झेनर लावतात.

माझ्याकडे इंडस्ट्रियल पॅनेलांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेली वस्तू ओळखणारा) घ्या, तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. त्यातले बरेचसे २०० मिलिअँप देतात, २४ व्होल्टचा छोटा इंटरपोजिंग (मध्ये घालायचा) रिले सहज ओढतात. नवीन पोरं तिथे उगाच मध्ये ट्रान्झिस्टर घालतात. पण एनपीएन आहे की पीएनपी हे न बघता जोडतात आणि मग मला फोन येतो. एनपीएन काळी वायर मायनसकडे खेचतो, म्हणून रिलेचं दुसरं टोक प्लसला. पीएनपीला उलट. रिलेत डायोड आतच असेल तर कॉइलच्या ए१ टोकाला प्लस, ए२ला मायनस, अदलाबदल चालत नाही. सेन्सरचं आउटपुट आत कसं बनलंय हे कळलं की निम्मं काम झालं.

मेघना_नाशिक:

अवांतर आहे, पण इथेच विचारते. पीआयआर सेन्सर (हालचाल ओळखणारा), एचसी-एसआर५०१. गेटजवळचा दिवा लावण्यासाठी बीसी५४७ आणि १२ व्होल्टचा रिले लावलाय. दिवा विझला की दोन सेकंदांत आपोआप परत लागतो, रात्रभर हेच. समोर कोणीही नसतं.

सोल्डरकाका:

रिले तुमचा ठीक आहे. १२ व्होल्टचा हा निळा रिले ४०० ओहमचा, ३० मिलिअँपमध्ये भागतं. पीआयआरचं आउटपुट ३.३ व्होल्टचं, आत १ के आहेच, बाहेर आणखी १ के धरलं तरी बेसला १.३ मिलिअँप मिळतात. ३०ला ते पुरतात. दुखणं सप्लायमध्ये आहे. रिले सुटताना सप्लाय हलतो आणि पीआयआर त्यालाच हालचाल समजतो. सेन्सरच्या पिनांजवळच २२० मायक्रोफॅरड आणि ०.१चा कपॅसिटर लावा, आणि रिलेच्या प्लस-मायनस वायरी सेन्सरच्या वायरींतून न नेता थेट अडॅप्टरपासून आणा.

मेघना_नाशिक:

कपॅसिटर लावून कळवते. आभार काका.

रानवारा:

ताई, एक गोष्ट कोणी बोललं नाही. तुमचा व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसी आहे. रिलेच्या कॉइलला डायोड लावायचा म्हणून कोणी तोच डायोड व्हॉल्व्हवरही लावेल. एसीवर डायोड म्हणजे अर्ध्या लाटेला सरळ शॉर्ट. ट्रान्सफॉर्मर जातो. आमच्याकडे एका पॉलिहाऊसमध्ये असंच होऊन वास सुटला होता. व्हॉल्व्हला एमओव्ही (उसळलेलं व्होल्टेज दाबणारा भाग) किंवा १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचं आरसी (मालिकेत रेझिस्टन्स आणि कपॅसिटर) लावायचं.

पंप थेट या निळ्या रिलेवर कोणी घेऊ नये हेही सांगून ठेवतो. १० अँपिअर लिहिलंय ते हीटरसारख्या लोडसाठी. एक एचपीची मोटार चालताना पाच-सात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. कॉन्टॅक्ट चिकटतात. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटारीसाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवायची, कॉन्टॅक्टरने मोटार.

नटबोल्ट:

रिले वरच्यावर टकटक करतो त्याचं काय? माती काठावर ओली असली की माझ्याकडचं मॉड्यूल अक्षरशः थरथरतं.

अवनी_के:

ते हिस्टेरेसिस नसल्यामुळे. या बोर्डवर एओ म्हणजे कंपॅरेटरचा प्लस इनपुट. त्यामुळे डीओ आणि एओ या दोन पिनांमध्ये १०० के लावला की चालू व्हायची आणि बंद व्हायची पातळी वेगळी होते, शंभर-दोनशे मिलिव्होल्टचं अंतर पडतं. बोर्ड कापायची गरज नाही, बाहेरूनच लागतो. आमच्या प्रोजेक्टला हेच केलं होतं.

सोल्डरकाका:

वा, हे फार नेमकं सांगितलंस.

जास्वंद:

सगळं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. मग २एन७००० पक्कं समजू? कोरडं झालं की डीओ वर, मॉस्फेट चालू, रिले चालू, एनओ (एरवी तुटलेल्या) कॉन्टॅक्टमधून व्हॉल्व्ह उघडा. बरोबर?

कृषी_यंत्र:

थांबा ताई. मी इतका वेळ वाचत होतो, इथे बोलणं भाग आहे. ड्रायव्हर निवडण्याआधी हे ठरवा की यातलं काहीतरी बिघडलं तर व्हॉल्व्हने काय करायचं.

तुमच्या मांडणीत ५ व्होल्टचा चार्जर गेला की रिले सुटणार आणि व्हॉल्व्ह कधीच उघडणार नाही. एप्रिल-मेमध्ये ट्रेमधली रोपं एक दुपार पाण्याविना गेली तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तर? फाटा सुटलेला असला की बोर्डला ती माती कोरडीच वाटते, व्हॉल्व्ह उघडाच.

उलट विचार करा. टायमर तसाच ठेवा, त्याच्या वायरीत रिलेचा एनसी (एरवी जुळलेला) कॉन्टॅक्ट मालिकेत घाला. माती ओली झाली की रिले ओढेल आणि एनसी तुटेल, पाणी थांबेल. चार्जर गेला, रिलेची कॉइल गेली, सेन्सरची वायर तुटली, यातलं काहीही झालं तरी रिले सुटलेला राहतो आणि पाणी जुन्या टायमरप्रमाणे मिळत राहतं, ना कमी ना बेसुमार. ठिबकच्या कंट्रोलरना जो रेन सेन्सर लावतात तोही बहुतेक वेळा असाच, एनसी, कॉमन वायरमध्ये असतो.

म्हणजे रिले डीओ खाली गेल्यावर ओढला पाहिजे. आणि गंमत बघा, हे बोर्ड खाली ओढण्यातच बळकट आहे.

सोल्डरकाका:

शंभर टक्के सहमत, माझी मॉस्फेटची मांडणी बाजूला ठेवा. असं असेल तर पीएनपी, म्हणजे बेस खाली ओढल्यावर चालू होणारा ट्रान्झिस्टर. बीसी३२७, सपाट बाजू समोर धरून डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ५ व्होल्टला, कलेक्टर कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक ग्राउंडला. डायोडचा पट्टा आता कलेक्टरच्या बाजूला. बेस ते डीओ २.२ के. बोर्डवरचा १० के बेसला वर धरून ठेवतो, वेगळा लागत नाही.

आकडा: बेसमधून १.८, एलईडीतून ३, पुल-अपमधून अर्धा, म्हणजे एलएम३९३ला सव्वापाच मिलिअँप गिळायचे आहेत. तो खात्रीने ६ गिळतो, सहसा १६पर्यंत जातो. २.२ केपेक्षा खाली मात्र जाऊ नका. १.८ला ७१ म्हणजे माझ्या विसाव्या हिश्शाच्या नियमात बसत नाही, पण बीसी३२७-४०चा गेन १०० मिलिअँपलाही निदान २५० असतो, इथे चाळीसच लागतोय. म्हणून दुकानात "-४०" मागून घ्या.

बोर्ड, रिले आणि एमिटर एकाच ५ व्होल्टवर हवेत. रिलेला वेगळे १२ व्होल्ट द्याल तर हा पीएनपी कधी बंदच होणार नाही.

नटबोल्ट:

म्हणजे माझं तयार मॉड्यूलही बसतंच की! ती बहुतेक डीओ खाली गेल्यावरच ओढणारी असतात.

कृषी_यंत्र:

बसतं, एनसीवर जोडलं तर. ऑप्टोचे दोनेक मिलिअँप बोर्डला जड नाहीत. ताईंना स्वतः बनवायचं असेल तर बीसी३२७, वेळ नसेल तर मॉड्यूल. दोन्ही बरोबर. मात्र वर-खालीचा जंपर असलेलं मॉड्यूल असेल तर तो 'खाली' (लो) या बाजूला आहे ना ते बघा.

एक राहिलं. तो दोन दातांचा फाटा सतत ५ व्होल्टवर ठेवला तर ओल्या मातीत इलेक्ट्रोलिसिसने एक दात खाऊन टाकतो, खत घातलेल्या पाण्यात तर झपाट्याने. टायमर ज्या वेळेत चालू असतो तेवढ्याच वेळेत चार्जरला वीज द्या.

जास्वंद:

बीसी३२७च घेतला, पुण्याला गेले होते तेव्हा तपकीर गल्लीत मिळाला. "-४०" मागितल्यावर दुकानदारांनी डबा शोधून दिला.

सगळं जनरल पर्पज बोर्डवर बसवलं. पेल्यातल्या ओल्या मातीत फाटा घातला की डीओ ०.२, कॉइलवर ४.८ व्होल्ट आणि टक्क. फाटा बाहेर काढला, पुसला, की कॉइलवर शून्य आणि एनसी जुळलेला. चार्जर काढला, एनसी जुळलेला. सेन्सरची वायर उपटली, एनसी जुळलेला. अवनीचा १०० के लावण्याआधी मधल्या ओलाव्यावर तडतड होत होती, आता एकदाच वाजतो. चार्जर आणि व्हॉल्व्हचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही एकाच टायमरवर घेतलेत.

व्हॉल्व्हला आरसी लावलंय, डायोड नाही. रानवारादादा, तुमच्यामुळे वाचलं, दुकानात मी व्हॉल्व्हसाठीही ४००७ मागणारच होते.

ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टच्या बाजूला फ्यूज लावायचा का?

रानवारा:

लावाच ताई. व्हॉल्व्ह अर्ध्या अँपिअरच्या आतला असेल, १ अँपिअरचा काचेचा फ्यूज पुरेल, आणि दोन जास्तीचे डब्यातच टेपने चिकटवून ठेवा.